कॉलेजच्या जॅझ बिग बँडमध्ये नोटेशन वाचता येते, पण सोलो (आयत्या वेळी सुचेल तसे एकट्याने वाजवणे) सुचत नाही. सुरुवात कशी करावी?

बी-फ्लॅटमधील बारा बारच्या ब्लूजपासून, म्हणजे बारा मापांच्या ठरावीक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉर्ड-क्रमापासून, सुरुवात करावी आणि प्रथम प्रत्येक कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) केवळ तिसरे व सातवे स्वर वाजवावेत. बी-फ्लॅट सेव्हन या कॉर्डमधील डी आणि ए-फ्लॅट हे स्वर ई-फ्लॅट सेव्हन ही पुढची कॉर्ड येताच अर्ध्या स्वराने उतरून डी-फ्लॅट आणि जी होतात. हा उतार कानात बसला, की कॉर्ड बदलल्याचे कागद न पाहताही कळते. स्केल पाठ करण्यापेक्षा हा सराव मला कितीतरी मोलाचा वाटतो. त्यानंतर काउंट बेसींच्या जॅझ बँडमधील सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचा एखादा सोलो आधी गाऊन, मगच वाद्यावर बसवावा. सोलोच्या मागे बँडमधील इतर वाद्यांचे विभाग बॅकग्राउंड (साथीचे छोटे तुकडे) वाजवत असताना मात्र आपल्या वादनात मोकळी जागा सोडावी.