'सहभागी मांडणशिल्प' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'पार्टिसिपेटरी इन्स्टॉलेशन'साठी, म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून केलेल्या आणि बघणाऱ्यांनीही भाग घ्यावा अशा कलाकृतीसाठी, एका कलापरीक्षणात 'सहभागी मांडणशिल्प' असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि कोरलेलं, घडवलेलं काहीच नसताना ते शिल्प कसं?

आधी 'मांडणशिल्प'. हा शब्द मराठीतल्या कलाविषयक लेखनात रुळलेला आहे आणि मला तो मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. इन्स्टॉल काय, गीझरही करतात! मांडणं मात्र घरातलं क्रियापद आहे. आपण पाटपाणी मांडतो, पूजा मांडतो, सोंगट्या, भातुकली, गाऱ्हाणंसुद्धा मांडतो. यातलं बहुतेक सगळं कुणी येऊन बसावं, खेळावं, ऐकावं म्हणूनच मांडलेलं असतं. पुढे ते आवरायचंही असतं. सहभाग असा त्या क्रियापदातच मुरलेला आहे.

अमेरिकन कलावंत ॲलन काप्रोनं १९६१ साली न्यूयॉर्कच्या मार्था जॅक्सन गॅलरीच्या अंगणात जुन्या टायरांचा खच पाडला, तो लोकांनी त्यावर चढावं, टायर इकडचे तिकडे फेकावेत म्हणून. तो स्वतः अशा कामाला 'एन्व्हायर्न्मेंट' म्हणे. 'इन्स्टॉलेशन' नंतर रूढ झालं. थाई कलावंत रिर्क्रित तिरावनिजांनी १९९२ साली न्यूयॉर्कच्याच '३०३ गॅलरी'त थाई करी-भात रांधून येईल त्याला फुकट वाढला. यात शिल्प कुठलं? भांडी, स्टुलं, की जेवणारी माणसं? शंका रास्त आहे. पण संस्कृतात 'शिल्प' म्हणजे कोणतंही कलाकौशल्य, फक्त छिन्नीचं काम नव्हे. नुसतं 'मांडणी' म्हणावं, तर स्वयंपाकघरातली डबे-भांड्यांची मांडणी आडवी येते.

खरी अडचण 'सहभागी'ची आहे. सहभागी म्हणजे भाग घेणारा. 'प्रदर्शनातलं सहभागी मांडणशिल्प' म्हटलं, की त्या मांडणशिल्पानंच प्रदर्शनात भाग घेतल्यासारखं वाटतं. 'सहकारी बँक' चालते, मग हे का नको, असं कुणी म्हणेल. उद्या हेही रुळेल कदाचित. तोवर मी 'लोकसहभागाचं मांडणशिल्प' लिहीन. एका शब्दात बसत नाही, पण घोटाळा होत नाही.

तिरावनिजांच्या करीबद्दल लिहिताना तर 'प्रेक्षक'ही अडतो. तिथे सरळ 'जेवायला आलेले' म्हणावं.