गाडी वळवताना पॉवर स्टीअरिंग घूंघूं करतं, बाहेर गळती नाही. पंप बदलावा का?

थांबा, पंप इतक्यात बदलू नका. मी बदलला होता, म्हणून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी २००६ ची. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की घूंऽऽ असा आवाज, ॲक्सिलरेटर दिला की चढतो, स्टीअरिंग वळवलं की आणखी चढतो, आणि दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर बराच कमी होतो. खाली ऑईलचा एक थेंब नाही. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला. यातलं ‘खाली थेंब नाही’ हे त्याने ऐकून सोडून दिलं, पण खरी गोम बहुतेक तिथेच आहे.

माझी गाडी २००४ ची. नाशिकला थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, त्या दिवसांत ती असा सूर लावायची की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तुमची गाडी निघाली की मला सहा वाजल्याचं कळतं.” पहिल्या गॅरेजने पंप सांगितला. दुरुस्त केलेला पंप साडेपाच हजारांत बसवला. आवाज होता तसाच. “नवीन आहे, सेट होईल,” म्हणाले. महिना गेला तरी झाला नाही. दुसऱ्या गॅरेजने स्टीअरिंग हाताने हलवून पाहिलं आणि रॅकवर (स्टीअरिंगच्या फिरण्याने पुढची चाकं वळवणारा भाग) बोट ठेवलं, खर्च १८ हजार. तेव्हा मी गाडी घरी आणली आणि दोन रविवार तिच्यामागे घालवले.

आधी हे पंपाचं प्रकरण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बोनेटखाली एक छोटा डबा असतो, झाकणावर बहुधा स्टीअरिंगचं चित्र असतं. (असा डबाच नसेल तर तुमचं स्टीअरिंग बहुधा इलेक्ट्रिक आहे, आणि तसं असेल तर पुढचं काहीच लागू नाही.) डब्यातलं ऑईल एका जाड नळीतून पंपात उतरतं. पंप बेल्टवर फिरतो. त्याच्या आत खाचा असलेला रोटर, म्हणजे फिरणारा गोल भाग, आणि खाचांत सरकणारी छोटी पाती असतात, ती अंडाकृती भिंतीला घासत ऑईल पुढे ढकलतात. पुढे दाब प्रचंड, स्टीअरिंग पूर्ण वळवून धरलं तर बऱ्याच गाड्यांत ७० ते १०० बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब). म्हणून पंपाच्या पुढच्या बाजूला कुठेही सांधा ढिला असेल तर ऑईल बाहेर येतं आणि तुम्हाला फरशीवर डाग दिसतो.

पंपाच्या मागची बाजू मात्र ओढण्याची. शहाळ्याचं पाणी पिताना स्ट्रॉला वर बारीक चीर असली तर काय होतं? पाणी चिरेतून सांडत नाही, उलट हवा आत येते आणि तोंडात गुडगुड होते. तुमच्या गाडीत तेच चाललं असावं. डबा ते पंप या वीतभर नळीत कुठेतरी हवा शिरतेय. ऑईल बाहेर येत नाही, म्हणून कोणी तिकडे बघत नाही. हवेचे बुडबुडे पंपात दाबले जाऊन फुटतात, आवाज पंपातून येतो, आणि दोषही पंपाच्याच नावावर जातो.

सकाळीच जास्त का? गार ऑईल दाट असतं, ते ओढायला पंपाला जोर लागतो. जुनं रबर थंडीत आक्रसतं आणि कडक होतं. गरम झालं की रबर थोडं सैल होऊन फट झाकतं, ऑईल पातळ होतं, आवाज उतरतो. झिजलेला पंप याच्या उलट वागतो. त्यात गरम, पातळ ऑईल आतल्या आत निसटतं, म्हणून ट्रॅफिकमध्ये अर्धा तास झाल्यावर, इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू असताना, स्टीअरिंग जड होतं. तुमचं तसं होतं का, तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघा.

आता परीक्षा. मी ही केली तेव्हा मुलगी स्टीअरिंगवर होती, मी डब्यावर टॉर्च धरून. ती दर वेळी विचारायची, “बाबा, डावीकडे की उजवीकडे?” आणि मी दर वेळी चुकीचं सांगायचो, कारण समोरून सगळं उलटं दिसतं. इंजिन चालू, झाकण काढलेलं, ती स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतेय. माझ्या गाडीत लाल ऑईल लागतं. ते डब्यात लाल नव्हतंच, सोलकढीसारखं गुलाबी झालं होतं आणि वर बारीक फेस. मग तिला म्हटलं, चावी बंद कर. इंजिन थांबलं आणि डब्यातली पातळी बोटभर वर आली. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. इंजिन बंद होताच दाब सुटतो, हवा फुगते आणि ऑईलला वर ढकलते. पातळी अशी ठळक उचलली गेली तर सिस्टीममध्ये हवा आहे, यात शंका ठेवू नका. एवढ्यासाठी कुठल्याही गॅरेजला जायची गरज नाही.

हवा कुठून येते हे शोधायला मी पंपाच्या तोंडाशी, जिथे नळीचा धातूचा तुकडा बसतो, त्या सांध्याभोवती जाडसर ग्रीस थापलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आवाज अर्ध्यावर. (हात घालताना इंजिन बंदच ठेवा, बेल्ट शेजारीच असतो.) तो तुकडा दहाच्या पान्याने सोडला. आतली ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबराची गोल कडी) चपटी, काळी, नख रुतेना. वाकवली तर पापडासारखी तडकली. म्हणजे साडेपाच हजारांचा पंप बसवताना जुनी नळी जुन्याच रिंगसकट परत बसवली होती. नवी रिंग ३० रुपयांची.

रिंग घेताना एक काळजी घ्या. जुनी दाखवून “याच मापाची” मागितली तर दुकानदार तिच्याइतकीच बारीक देईल, कारण जुनी दबून चपटी झालेली असते. शक्यतो गाडीचं मॉडेल सांगून पार्ट मागा. रबर ऑईल सोसणारं, नायट्राईलचं हवं. नळाच्या वॉशरच्या डब्यातली रिंग बसवू नका, काही दिवसांत फुगून वाट लागते. सोबत नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बघा. दाबून बसणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा वीस वर्षांत ताण सोडतात. मी स्क्रूच्या टाकल्या.

डब्याच्या तळाशीही बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे बारीक जाळी असते, ती गाळाने बुजली तर पंप उपाशी राहतो आणि हवा बाहेरून न येताही तसाच ओरडतो. डबा काढून धुवा, आणि जाळी आतच जोडलेली असून साफ होत नसेल तर डबा बदला. तो पंपापेक्षा खूप स्वस्त पडतो.

काम झाल्यावर हवा काढणं हा भाग गॅरेजमध्ये सगळ्यात घाईत उरकतात. पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्ये मध्ये ऑईल भरा. मग इंजिन सुरू करून आयडलवर पुन्हा तेच. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. फेस दिसला तर गाडी तासभर तशीच सोडा, चहा प्या, परत करा. मला तीन फेऱ्या लागल्या. ऑईल कुठलं ते झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच घाला. काही गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑईल चालतं, काहींना हिरवं वेगळं लागतं, आणि “सगळं एकच असतं हो” म्हणणाऱ्या माणसाकडून ऑईल घेऊ नका.

माझं हे सगळं झाल्यावरही एक बारीक गुणगुण उरली होती, डॅशबोर्डमागे. ती निघाली दाबाच्या पाईपची, म्हणजे पंपातून पुढे जाणाऱ्या पाईपची. क्लिपमधलं रबर झडलं होतं आणि पाईप बॉडीच्या पत्र्याला टेकत होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, संपलं.

तुमचा आवाज घूं नसून चीं असेल, विशेषतः स्टीअरिंग पूर्ण वळवताना, तर बेल्ट बघा. चालत्या बेल्टवर लांबून पाण्याचे चार थेंब उडवा, आवाज लगेच बदलला तर बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालाय. पूर्ण वळवल्यावर होणारा हलका सूंऽऽ मात्र बहुतेक वेळा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, तो राहू द्या. हेडलाइट आणि एसी चालू केल्यावर आवाज बदलत असेल तर स्टीअरिंग सोडून अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणारा) किंवा पुलीच्या, म्हणजे बेल्टच्या चाकाच्या, बेअरिंगकडे वळा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येकाच्या बॉडीवर टेकवून मूठ कानाला लावली की कोण वाजतंय ते कळतं. मफलर, ओढणी, लांब बाही वगैरे आधी आवरून.

दाबाचा पाईप ओलसर दिसला तर मात्र वेगळी गोष्ट. तो चाचपून बघू नका आणि गाडी फिरवू नका. तो फुटून ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर पेट घेऊ शकतं. तो पाईप जोड न देता नवाच घाला.

उद्या सकाळी गार गाडीवर डबा उघडून इंजिन चालू करा, मग बंद करून बघा, आणि पातळी किती उचलली गेली ते इथे लिहा. ऑईलचा रंगही सांगा.