डिस्लेक्सिया आहे आणि धंदा सुरू करतोयस? आधी एवढंच कर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतलास, छान! डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना येणारी अडचण, लपवू नकोस; सुरुवातीला अनेक जण तीच चूक करतात. कामावरच्या माणसांना पहिल्याच आठवड्यात सांग, म्हणजे लांबलचक मेलऐवजी ती समोर येऊन बोलतील. कोटेशन, जीएसटी, करारनामा दुसऱ्याने तपासल्याशिवाय सही नको. रात्र रात्र एकट्याने वाचत बसायचा हट्ट सोड. काम सोपवायची हीच सवय पुढे मोठी टीम चालवताना कामी येते.

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे संस्थापक इंग्वार काम्प्राड यांना डिस्लेक्सियामुळे कोड नंबर लक्षात ठेवणं अवघड जायचं, म्हणून त्यांनी फर्निचरला नावं दिली. आयकियाच्या नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या दुकानात जाऊन लेबलं बघच! तुझ्या मालालाही नावं आणि रंग दे.

कर्ज, विस्तार हे नंतर बोलू. आधी गाळा चालू दे.