काशीहून एका दिवसात मिर्झापूर होईल का? विंध्यवासिनीचं दर्शन आणि गालिच्याची खरेदी, दोन्ही करायचं आहे.

दर्शन होईल. खरेदी होणार नाही. म्हणजे दुकानातून काहीतरी गुंडाळून आणाल, पण त्याला मी गालिचा घेणं म्हणत नाही.

इचलकरंजीला टेक्स्टाईलचा डिप्लोमा करून मी मिर्झापूरला एका निर्यातदाराकडे रंगाई खात्यात नोकरी केली. तेव्हा आमचे मोठे दीर काशीयात्रेला आले आणि तुमच्यासारखाच एका दिवसाचा बेत घेऊन माझ्याकडे उतरले. चिपळूणच्या रावतळ्याची विंध्यवासिनी आमची कुलस्वामिनी, त्यामुळे विंध्याचलला त्यांनी विंध्यवासिनी, कालीखोह, अष्टभुजा अशी त्रिकोण परिक्रमा अगदी मनापासून केली. दुपारनंतर मी त्यांना गावाबाहेर एका विणकराच्या घरी नेलं.

खड्ड्यात पाय सोडून तिघं मागाला बसलेले, समोर नक्शा (नक्षीचा आराखडा) टांगलेला. ताण्याचे दोन धागे बोटाने पुढे घ्यायचे, त्यांत काती (गालिच्याची लोकर) गाठीने गुंफायची, छुऱ्याने कापायची. ओळ भरली की बाणा घालून लोखंडी पंजाने ठोकायची. आम्ही चहा संपवून उठेपर्यंत काम बोटभरही वर सरकलं नव्हतं. दीर म्हणाले, "एवढ्यासाठी चौपट पैसे? बाजारात हाच माल मिळतो." आणि परतताना एका दुकानातून 'हातचा' म्हणून टफ्टेड उचलला.

हातचा तो होता, गाठीचा नव्हता. टफ्टेडमध्ये ताणलेल्या कापडात गनने लोकर घुसवतात, मागून लेटेक्स फासतात आणि वर अस्तर चिकटवतात. ते लेटेक्स कालांतराने सुकून त्याचा भुगा होतो. दिरांच्या ठाण्याच्या हॉलमध्ये गालिचा उचलला की खाली भुकटी. ते अजून "इथली हवा दमट" म्हणतात. भाऊजी, हवेचा दोष नाही, माल तसला होता.

म्हणून गालिचा आधी उलटा करा. मागे अस्तर असेल तर पुढे चला. गाठीच्या मालात नक्षी मागूनही स्पष्ट दिसते आणि झालर ताण्याच्याच धाग्यांची असते, शिवलेली नसते. विक्रेता ५/४०, ९/५४ असे आकडे सांगेल. आकडा मोठा तशी वीण दाट.

मिर्झापूर म्हटलं की हल्ली त्या वेब सिरीजमुळे लोकांना बंदुका आणि शिव्याच आठवतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. रेल्वे येण्याआधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून इथे यायचा आणि गंगेतून नावेने कलकत्त्याला जायचा. रेल्वेने तो व्यापार नेला, गालिचा टिकला. भदोहीच्या गालिच्याला २०१० मध्ये मिळालेल्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) मिर्झापूरही आहे. पक्का घाटावरचं दगडी कोरीवकाम तरी बघून या.

तर मुक्काम करा. पहिला दिवस देवीला, दुसरा मागांना. नवरात्रात मात्र नको, गर्दीत दोन्ही हुकेल. पैसे कमी असतील तर सरळ दरी (सतरंजी) घ्या, तीही विणलेलीच असते. आणि हो, या पट्ट्यात मागावर लहान मुलं बसवायचे, त्यातूनच १९९४ मध्ये बालमजुरीविना विणलेल्या मालासाठी रगमार्क हे लेबल निघालं. आता त्याचं नाव गुडवीव्ह आहे, ते लेबल मागा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी मागा.