सातबारा अजून बाबांच्याच नावावर

प्रश्न : ताई नमस्कार. तुमचं सदर आई दर अंकात वाचते, तिनेच मला लिहायला लावलं. बाबा जाऊन चौदा महिने झाले. गाव सातारा जिल्ह्यात, जमीन पावणेतीन एकर, त्यातली एकरभर विहिरीवरची बागायत आणि बाकी जिरायत, शिवाय राहतं घर. मोठा भाऊ गावी शेती बघतो, मी पुण्यात नोकरीला, बहीण लग्न होऊन सांगलीला. दिवसकार्य झाल्यावर दोन-तीन महिने कोणी विषयच काढला नाही, मग भाऊ तलाठी ऑफिसात गेला तर ते रजेवर, नंतर त्यांची बदलीच झाली, नवीन आले त्यांच्याकडे तीन गावांचा चार्ज, कागद दिले तर म्हणाले मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव आहे आणि सातबाऱ्यावर घरात हाक मारायचे ते नाव आहे, हे जुळवून आणा. ते तसंच राहिलं कारण मधेच भाऊ म्हणाला की घाई कशाला, कोणाला कुठला तुकडा ते आधी ठरवू आणि मग एकदमच नोंद करू. बहीण म्हणते मी सही देईन पण आधी मला विचारा तरी. त्यावरून दिवाळीत थोडं वाजलं आणि आता सगळे गप्प आहेत. आजी म्हणजे बाबांची आई ८८ वर्षांची आहे, ती काकांकडे असते, तिला यातलं काही कळत नाही. पीएम किसानचे पैसे थांबलेत, सोसायटीत पीककर्ज नवं करायला गेलं तर उतारा तुमच्या नावाचा आणा म्हणतात. एक ओळखीचा म्हणाला थोडे वर दिले की आठवड्यात नोंद होते. द्यावेत का? आणि एवढा उशीर झाला म्हणून आमचा हक्क जाईल का?
- एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी शेवटचं सांगते म्हणजे आईला आज झोप लागेल. हक्क जात नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत कळवा असं आहे खरं, पण तीन महिने उलटले म्हणून वारस वारस राहत नाही असं कुठेच नाही. आणि वरचे पैसे द्यायचे नाहीत. मागणी ऑफिसातूनच आली तर लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर आहे, पण तुमच्या पत्रावरून तरी ती ऑफिसातून आलेली दिसत नाही, ओळखीच्याकडून आलीय, आणि असे ओळखीचे प्रत्येक गावात असतात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात आजी दीड ओळीत येऊन गेली, मला तिथेच सगळ्यात जास्त काळजी वाटतेय. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसात बायको आणि मुलंमुली येतातच पण त्याची आईसुद्धा येते. म्हणजे तुमच्या बाबांच्या वाट्याला तुम्ही चौघं नाही, पाच जण आहात. तुमच्या भावाने जो अर्ज दिला त्यात आजीचं नाव आहे का बघा, मला वाटतं नसणार, कारण बहुतेक घरात हे लक्षातच येत नाही, आजी म्हणजे आधीच्या पिढीची, तिचा काय संबंध असं धरतात. नाव वगळून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं आणि उद्या काकांनी हरकत घेतली तर ती हरकत बरोबर ठरेल, नोंद तक्रारीत जाईल, आणि तिथून पुढे महिने मोजायचे नसतात, वर्षं मोजायची असतात.

दुसरं म्हणजे, स्पष्ट लिहिते राग मानू नका, आजी ८८ ची आहे. नोंद व्हायच्या आधी तिचं काही बरंवाईट झालं तर तिचा हा पाचवा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे काका, आत्या असतील तर त्या, आणि तुमच्या बाबांच्या जागी तुम्ही भावंडं. आज ज्या कागदावर पाच सह्या लागतात त्याच कागदावर तेव्हा नऊदहा लागतील आणि त्यातले दोघं तरी मुंबईत, एखादा फोन न उचलणारा. घाई कशाला म्हणणाऱ्या भावाला हे सांगा.

भाऊ जे म्हणतो ना, आधी ठरवू आणि मग नोंद करू, ते ऐकायला समजूतदार वाटतं पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी घरं नेमकी इथेच अडकलेली असतात. वारस नोंद वेगळी आणि वाटप वेगळं. वारस नोंदीत कोणाला काय द्यायचं हा प्रश्नच नसतो, बाबांचं नाव कमी होतं आणि त्या जागी सगळ्या वारसांची नावं सामाईकात लागतात, बस. त्यात कोणी काही सोडत नाही, कोणाला बागायत जात नाही, कोणाचं भांडण असलं तरी नोंद होऊ शकते. वाटप नंतर. सगळ्यांचं जमलं तर त्याच संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे किंवा रजिस्टर वाटणीपत्र, नाहीच जमलं तर दिवाणी कोर्ट. पण नावं लागलेली असली की निदान कर्ज, विमा, अनुदान, विहिरीचं वीज कनेक्शन ही रोजची कामं अडत नाहीत आणि मग तुम्ही दोन वर्षं भांडलात तरी चालेल.

आमच्याच घरचं सांगते. आजोबा गेले तेव्हा मोठ्या काकांचं एकट्याचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. असं लिहून, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे म्हणाले दादाच आहेत, काय घाई. काका होते तोवर खरंच काही बिघडलं नाही. काका गेल्यावर त्यांच्या मुलांची नावं लागली, आणि बाकीच्या भावंडांचा उल्लेख कुठे तर त्या तीन अक्षरांत. ते निस्तरायला माझ्या वडिलांची शेवटची सहा वर्षं गेली आणि पूर्ण निस्तरलंच नाही. म्हणून मी या बाबतीत जरा कडक बोलते.

आता काम कसं हलवायचं. नावाच्या फरकासाठी, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला जुना पुरावा जोडा, शाळेचा दाखला, जुना फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद, सोसायटीचं कर्जखातं, ज्यात दोन्हीपैकी एक नाव आणि आजोबांचं नाव एकत्र दिसेल असं काहीही. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर नवीन अधिकारी सही करायला कचरतात आणि त्यांची भीती मला चुकीची वाटत नाही. मृत्यू दाखल्यातच चूक असेल तर ती जिथे मृत्यूची नोंद झाली तिथेच दुरुस्त होते, तलाठ्यांकडे नाही. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाटी बदलली असेल तर गोंधळू नका.

अर्ज परत द्या, आजीसकट, आणि या वेळी ई-हक्क पोर्टलवरून द्या म्हणजे तारीख आणि नंबर मिळतो. तोंडी दिलेला आणि टेबलावर ठेवून आलेला अर्ज बदली झाली की जुन्या साहेबांबरोबर जातो, तुमचं तेच झालंय. मग नोंद आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत येते, चौकशी होते, तलाठ्यांच्या वरचे मंडळ अधिकारी वारस ठरवतात, नंतर नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, सगळ्या वारसांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, कोणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात आणि सातबारा बदलतो. फेरफार पडलाय का हे आपली चावडी या साईटवर पुण्यात बसून बघता येतं, त्यासाठी भावाला हेलपाटे नकोत. फेरफार पडून पंधरा दिवस कधीच गेले आणि मंजुरी नाही असं दिसलं तर मग तलाठी नाही, मंडळ अधिकाऱ्यांना भेटायचं, लोक चुकीच्या टेबलासमोर उभे राहून महिने घालवतात. तरीही हललं नाही तर नोंद नंबर घालून तहसीलदारांना लेखी अर्ज आणि पोच. आवाज चढवायची गरज पडत नाही, पोच असलेला कागद त्या ऑफिसात पुरेसा मोठ्याने बोलतो. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा म्हणून मोहीमच काढली होती, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, त्यात तुमच्या गावाच्या यादीत बाबांचं नाव आलं होतं का तेही विचारा.

नवा उतारा आला की एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. बहिणीचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आहे का इतर हक्कांच्या रकान्यात ढकललंय. पूर्वी सर्रास तसं करायचे, मुलींची नावं इतर हक्कात, अजूनही कुठे कुठे होतं. हरकत तिथेच घ्या, नंतर दुरुस्तीचं प्रकरण वेगळं चालवावं लागतं.

आणि बहिणीच्या सहीबद्दल. ती म्हणते आधी मला विचारा, हे मला पूर्ण बरोबर वाटतं. तिला खरंच सोडायचं असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र होतं, घरातल्या घरात, मोबदला न घेता वडिलोपार्जित हिस्सा सोडला तर स्टॅम्प ५०० रुपयांचा, म्हणजे पैशाचा काही प्रश्न नाही. पण ते वारस नोंदीच्या गठ्ठ्यात घालून, इथे सही कर गं म्हणून घ्यायचं नाही. अशा सह्या पुढे कोर्टात उघडतात, आणि कोर्टात नाही उघडल्या तर माहेरी येणं कमी होऊन उघडतात. आजीला सोडायचं असेल, तिला कळत असेल, तर तिला दुय्यम निबंधक कार्यालयात न्यायची गरज नाही, गृहभेटीची सोय आहे, फी भरली की अधिकारी घरी येतात. पण तुम्ही लिहिलंय तिला यातलं कळत नाही. म्हणजे नुसतं लक्ष नसतं असं असेल तर शांत बसून समजावा, काकांच्या समोरच समजावा. खरोखर विस्मरण असेल तर तिच्या अंगठ्याचा कागद करूच नका, हिस्सा तिच्या नावावर राहू दे.

पीएम किसानचं, बाबांच्या खात्यात ते गेल्यानंतर एखादा हप्ता आला असेल तर तो परत करावा लागतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना त्यात नव्याने घेत नाहीत, पण वारसाने आलेली जमीन त्याला अपवाद आहे, त्यामुळे उतारा झाला की भाऊ अर्ज करू शकतो.

प्रश्न : मॅडम, आई गेली मागच्या पावसाळ्यात, बाबा आधीच गेले. डोंबिवलीत वन बीएचके आईच्या नावावर, नॉमिनी मी. भाऊ कॅनडाला, त्याचं काहीच म्हणणं नाही, तो फोनवर म्हणतो तू बघ काय ते. पण सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर नाव लावत नाही, सेक्रेटरी म्हणतात कोर्टातून आणा. बँकेत आठ लाखाची एफडी आहे, तिथेही नॉमिनी मीच, तरी सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाचा वारसदाखला, मागतायत. दोन्हीकडे सहा महिने फेऱ्या चालू आहेत, ऑफिसात आता सुट्टी मागायची लाज वाटते.
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघांपैकी बँक सरळ चुकतेय. नॉमिनी नोंदलेला असेल आणि कोर्टाची मनाई वगैरे काही नसेल तर सक्सेशन सर्टिफिकेट मागायचंच नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये याचे नवे निर्देश काढले, ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करा म्हणून. त्यात सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आणि बँकेमुळे उशीर झाला तर बँक रेटच्या वर चार टक्क्यांनी व्याज द्यायचं असं आहे. कोर्टाचे कागद न मागता दावा द्यायची पंधरा लाखाची मर्यादा, सहकारी बँकेला पाच लाखाची, ती नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी आहे, काउंटरवर ते हेच दोन्ही मिसळतात असा माझा अंदाज आहे. क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला, तुमचं ओळखपत्र द्या आणि त्याच्यावर मिळाल्याची तारीख घ्या, कारण पंधरा दिवस तिथून मोजतात, तुमच्या फेऱ्यांपासून नाही. मग लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन, फी नाही, वकील नाही. एफडी मुदतीआधी मोडली म्हणून दंड कापला तर तोही विचारा, ठेवीदार गेल्यावर तो लावत नाहीत.

सेक्रेटरी अर्धे बरोबर आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नाही, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी केसमध्ये कंपनीच्या शेअर्सच्या बाबतीत परत तेच सांगितलं. एफडीचे पैसे तुमच्या हातात आले तरी निम्मे भावाचेच. पण कोर्टच पाहिजे असं नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ मध्ये मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस प्रमाणपत्र यांच्या जोडीला वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तही चालतो, आणि तोपर्यंत नॉमिनीला तात्पुरती सदस्य करून घ्यायचं असं स्पष्ट आहे. म्हणजे तात्पुरत्या सदस्यत्वाचा अर्ज आजच द्या, नाकारलं तर लेखी कारण मागा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा.

खरी अडचण भावाचं फोनवरचं तू बघ. ते कागदावर आणायला लागेल. फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर करायचाय का दोघांच्या, हे आधी त्याला सरळ विचारा, मग त्याप्रमाणे तो तिथे भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवेल. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर महाराष्ट्राचा स्टॅम्प भरायचा. एका बाईंनी, याच सदरात लिहिलं होतं त्यांनी, ते पाकीट पूजेच्या कपाटात जपून ठेवलं, चार महिने, आणि भावाला परत दूतावासात सुट्टी काढून जायला लागलं. मुखत्यारपत्रात फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, शेअर सर्टिफिकेटचा नंबर आणि हक्कसोड करून नोंदवायचा अधिकार, हे शब्द असू द्या. त्याने पाठवायच्या आधी व्हॉट्सअपवर ड्राफ्ट मागवा आणि सेक्रेटरींना आणि दस्त करणाऱ्या वकिलाला दाखवा, दोघांनाही.