ग्रुप फोटोतल्या बासष्ट जणांविषयी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जालन्याच्या बियाणे कंपनीतली फील्ड ऑफिसरची नोकरी धरावी, की वर्गातल्या बाकीच्यांप्रमाणे पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसावे, असे तू विचारले आहेस. पत्राच्या शेवटी, सहज आठवले म्हणून लिहावे तसे, "वीस वर्षांनी मी मित्रांच्या मागे पडलेला असेन का?" असेही एक वाक्य आहे. मला तुझा खरा प्रश्न हाच वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आम्ही 1987 साली परभणीहून बी.एस्सी. (कृषी) झालो. तेव्हा ते नुसते मराठवाडा कृषी विद्यापीठ होते. वसंतराव नाईकांचे नाव त्याला 2013 मध्ये लागले. आमच्या ग्रुप फोटोत बासष्ट जण आहेत, त्यांत मुली पाच. गेल्या जानेवारीत जिंतूर रस्त्यावरच्या एका वर्गमित्राच्या शेतात हुरड्याला एकवीस जण जमलो, तेव्हा कोणीतरी तो फोटो लॅमिनेट करून आणला होता. आगटीच्या धुराने पाणावलेले डोळे पुसत, चष्मे कपाळावर चढवून आम्ही एकेक चेहरा ओळखत होतो, आणि कणसे चोळून काळ्या झालेल्या बोटांचे ठसे त्यावर उमटत होते. नऊ चेहऱ्यांवर बोट आले, तेव्हा कोणी काही बोलले नाही.

त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 1987 च्या गुणपत्रिकांवरून आमचा जो क्रम लागत होता, त्याचा आज मागमूसही राहिलेला नाही; पण हा बदल कोणाच्या हुशारीमुळे किंवा आळसामुळे झाला, असे मात्र फारसे म्हणता येत नाही. बहुतेकांच्या नोकरीची दिशा त्यांच्या घरातल्या कोणत्या तरी गरजेने ठरवली होती, आणि ती गरज बाहेरून बघणाऱ्याला दिसत नव्हती.

वर्गात पहिला आलेला मुलगा औशाकडचा. तो पीएच.डी. करत होता, आणि तो कुलगुरू होईल असे आम्ही अर्धवट चेष्टेने आणि अर्धवट खरे मानून म्हणत असू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्यात त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी गेली. तो प्रबंध अर्धवट टाकून गावी परतला आणि भावाच्या दोन लेकरांना त्याने लहानाचे मोठे केले. स्वतःचे लग्न छत्तिसाव्या वर्षी झाले. आज तालुक्याच्या गावी त्याचे कृषी सेवा केंद्र आहे. त्याच्या दुकानात पाच मिनिटे उभा राहा. शेतकऱ्याने रुमालात बांधून आणलेले पान उलटे करून तो बघतो आणि निम्म्या वेळा औषध न देताच त्याला परत पाठवतो. त्याला मागे पडलेला म्हणायचे की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुसरा बँकेत कृषी अधिकारी झाला. दर तीन वर्षांनी बदली व्हायची. मुलगी आठवीत गेल्यावर लातूर पॅटर्नचा बोलबाला ऐकून त्याने कुटुंब लातूरला ठेवले आणि स्वतः भोकरदनला एका खोलीत राहून मेसचा डबा खाल्ला. हे दोन वर्षांसाठी म्हणून ठरले होते. धाकटा बारावी होईपर्यंत अकरा वर्षे गेली. मुलगी डॉक्टर झाली आणि त्याचा त्याला अभिमान आहे, पण हुरडा खाताना तो म्हणाला की लातूरच्या घरात स्वयंपाकघरातला डबा कुठे असतो हे त्याला आजही विचारावे लागते. आम्ही हसलो. तो हसला नाही.

तुझ्या कामाची हकीकत तिसऱ्याची आहे, कारण तो बियाणे कंपनीतच होता. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्याची बढती भराभर होत गेली. संकरित कापसाचे बियाणे हाताने तयार होते: दुपारनंतर उमलू पाहणाऱ्या कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग त्यावर लावायचे. हे काम दोन महिने खंड न पडता चालते, म्हणून पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या त्याने कर्नूलकडच्या प्लॉटवर काढल्या. पगार आम्हा सर्वांत जास्त होता. वडिलांचे शेवटचे आजारपण ऑगस्टमध्ये आले आणि ते सगळे बायकोने एकटीने निभावले. तू ही नोकरी धरणार असशील, तर खरिपात घरी तुझी जागा कोण घेईल, हे आधी बोलून ठेव. पगाराची चौकशी सगळे करतात. ही कोणी करत नाही.

मुलींविषयी लिहायला मला संकोच वाटतो. पाचांपैकी तिघींनी पदवीनंतर नोकरीच केली नाही, आणि त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न आम्हा मुलांना तेव्हा पडलाच नाही.

आता माझे. एम.एस्सी. झाल्यावर 1993 मध्ये एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात लागलो. संस्थेचे नाव लिहीत नाही. आज ना उद्या अनुदान येईल म्हणत निम्म्या पगारावर सही करत राहिलो. पूर्ण अनुदान आले ते 1 नोव्हेंबर 2005 नंतर, आणि त्या तारखेमुळे जुनी पेन्शन गेली. घर चालले ते तुझ्या काकूंच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पगारावर. याची लाज वाटून मी जवळजवळ पंधरा वर्षे वर्गमित्रांची लग्नकार्ये टाळली. ते पुढे गेले आणि मी राहिलो, अशी माझी पक्की समजूत होती. त्याच काळात भोकरदनच्या खोलीत एक जण एकटा जेवत होता आणि माझा पत्ता विचारत होता, हे मला फार उशिरा कळले.

पुण्याविषयी माझी हरकत नाही. आमच्यातला एक जण पाचव्या प्रयत्नात उपजिल्हाधिकारी झाला. चौघे झाले नाहीत. पण वडिलांसमोर बसून हिशेब मांड. सहा एकर कोरडवाहू सोयाबीन, पाऊस बरा झाला तर चाळीसएक क्विंटल. 2024 च्या हंगामात 4,892 रुपये हमीभाव असताना अनेकांनी त्याखाली माल घातला, हे तुम्ही सोसलेलेच आहे. खर्च वजा जाता उरते ते पुण्यातली खोली, मेस आणि अभ्यासिका यांना वर्षभर जेमतेम पुरेल. तेव्हा किती वर्षे ते आकड्यात सांग, आणि बहिणीच्या शिक्षणाचे त्या वर्षांत काय होणार, हेही तिच्या समोरच ठरव.

कंपनीला उत्तर द्यायला महिन्याभराची मुदत आहे असे तू लिहितोस. पुढच्या रविवारी आम्ही पाच-सहा जण पुन्हा त्याच शेतावर जमणार आहोत. परभणीहून जिंतूरची एसटी धर, बोरीच्या अलीकडे फोन कर. मोटारसायकलवर तुला घ्यायला कोणीतरी येईल. कर्नूलवाला येणार आहे. त्याच्या शेजारी तुझी जागा धरून ठेवतो.

तुझा,
काका