पुण्यात घडणाऱ्या, ड्रग्जच्या खबऱ्यावरच्या थ्रिलरमध्ये कोणते संकेत पाळावेत? शेवटी खबऱ्या मरायलाच हवा का?

तुम्ही लिहिलंय की पहिलीच कादंबरी आहे, नायक पुण्यातला खबऱ्या आहे, आणि अशा गोष्टींचे ठरलेले संकेत पाळायचे की मोडायचे हे कळत नाही. मी नऊ वर्षं शिवाजीनगर कोर्टात एका फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर होते. अमली पदार्थांच्या खटल्यांची चार्जशीटं वाचून टिपणं काढणं हे माझं रोजचं काम. आता दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्यातल्या कायद्याच्या चुका काढून देते. त्यामुळे माझं उत्तर कागदाच्या बाजूनं येणार, आणि जरा लांब होणार.

आधी एक प्रसंग. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. येरवड्यात असलेल्या एका आरोपीला चार्जशीटची नक्कल मिळाली होती. आम्ही भेटायला गेलो. माझे सिनिअर त्याला जामीन का अवघड आहे ते समजावत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ते बातमीचं पान वाचा ना. बातमी किती वाजता लागली म्हणतात?" मी वाचलं: "आज रोजी 14.10 वाजण्याच्या सुमारास गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली की..." त्यानं डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत काहीतरी मोजलं. मग "बरं" म्हणाला, आणि त्यानंतर जामिनाचं नीट ऐकू लागला.

त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी माल कुठे आहे, हे ज्यांना माहीत होतं ती माणसं तो मोजत होता. घरी येईपर्यंत ते मला कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही. पुढे काय झालं ते मला कधीच समजलं नाही.

तुमच्या कादंबरीचं इंजिन इथे आहे असं मला मनापासून वाटतं. परदेशी थ्रिलरमधला नेहमीचा प्रसंग म्हणजे शर्टाखाली चिकटवलेली वायर, गाडीत हेडफोन लावून बसलेले पोलीस, आणि "जरा शर्ट काढ बघू" म्हणणारा दादा. तो संकेत तिथल्या व्यवस्थेतून आलाय. अमेरिकेत खबऱ्या बऱ्याचदा स्वतःची शिक्षा कमी करून घेण्यासाठी रेकॉर्डिंग करून देतो आणि पुढे कोर्टात साक्षीलाही उभा राहतो. आपल्याकडचा खबऱ्या सहसा कोर्टात येतच नाही. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 68 सांगतं की माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. म्हणजे कायद्यानं त्याचं नाव झाकलंय. पण त्याच कायद्याचं कलम 42 म्हणतं की घर, गोदाम, खासगी गाडी अशा ठिकाणी झडती घ्यायची तर मिळालेली माहिती लेखी उतरवायची आणि 72 तासांच्या आत तिची प्रत वरिष्ठांकडे पाठवायची. नाव लपलं, पण वेळ कागदावर आली. तो कागद चार्जशीटला जोडला जातो आणि चार्जशीटची नक्कल आरोपीच्या हातात जाते.

म्हणजे वायरची गरजच नाही. जो कागद खबऱ्याला झाकण्यासाठी आहे तोच त्याला उघडा पाडू शकतो, आणि तेही अटकेनंतर कित्येक महिन्यांनी, जेव्हा तो निर्धास्त झालेला असतो. माल व्यावसायिक प्रमाणात असेल तर चार्जशीट दाखल करायला पोलिसांना 180 दिवस मिळतात. तुमच्या गोष्टीला हे आयतं घड्याळ आहे: पहिले 72 तास पोलिसांची धावपळ, नंतरचे सहा महिने खबऱ्याचं वाट बघणं.

यातून एक जबरदस्त पेच तयार होतो. आपल्या माणसाला वाचवायचं म्हणून हवालदाराला वाटणार की "नाकाबंदीत संशयावरून गाडी थांबवली" असं लिहावं, बातमीचा उल्लेखच नको. पण मग उलटतपासात बचावाचा वकील विचारतो, रात्री तिथे नाकाबंदीचा आदेश कुणी दिला, ठाण्याच्या डायरीत नोंद कुठे आहे, दोन पंच आणि वजनकाटा बरोबर घेऊन कुणी सहज संशयावरून गाडी थांबवतं का? खरं लिहिलं तर खबऱ्या जातो, खोटं लिहिलं तर खटला जातो. मी वाचलेल्या पटकथांमध्ये हा पेच एकदाही आला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण गोळीबाराच्या दहा प्रसंगांपेक्षा हा एक प्रसंग माणसाला जास्त पिळून काढतो.

आकडेही गोष्टीत पेरा. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 50 ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. गांजाला तीच मर्यादा 20 किलो, चरसला 1 किलो, हेरॉइनला 250 ग्रॅम. त्याच्या वर गेलं की किमान दहा वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन जवळजवळ बंद. धंद्यातल्या माणसांना हे आकडे पाठ असतात. 48 ग्रॅम घेऊन फिरणारा आणि 52 ग्रॅम घेऊन फिरणारा यांत एका आयुष्याचा फरक आहे. त्या चार ग्रॅमची टीप कुणी दिली, किंवा ते कुणी वाढवले, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. माल अंगावरच्या खिशात सापडला की पाठीवरच्या बॅगेत, यानंही फरक पडतो. अंगझडती असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे आरोपीला सांगावं लागतं. बॅगेच्या झडतीला ते लागू नाही.

शब्दांचा घोळ मात्र टाळा. खबऱ्या, माफीचा साक्षीदार, फितूर झालेला पंच आणि बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवलेला माणूस, हे चौघे वेगळे. माफीचा साक्षीदार, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी, उघडपणे कोर्टात उभा राहतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना साक्षीदारासाठी आहे. जो कागदावर साक्षीदार नाहीच, त्याला तिचा काय उपयोग? आणि पोलीस आपसात काहीही म्हणोत, कागदावर शब्द 'बातमीदार' असाच येतो.

आता पुणे. बहुतेक जण कोरेगाव पार्कातल्या पबपासून सुरुवात करतात. तुम्ही करू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी जे मोठं प्रकरण उघड केलं ते आठवा: विश्रांतवाडीतलं मिठाचं गोदाम, दौंडजवळच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, दिल्लीपर्यंत गेलेला धागा, आणि हजार किलोंच्या वर मेफेड्रोन. हा माल शेतात उगवत नाही, तो कारखान्यात तयार होतो. त्यामुळे इथे ज्याला काही माहीत आहे तो माणूसही वेगळा असतो. रात्रपाळीचा ऑपरेटर, टेम्पोवाला, ज्याच्या चलनावर एक लिहिलंय आणि ड्रमात दुसरंच आहे तो हमाल, गोदामाचं भाडं गोळा करणारा. त्यानं आयुष्यात एक पुडीही विकलेली नसेल. दौंडहून सकाळच्या गाडीनं पुण्यात येणारा असा माणूस नायक केलात तर गल्लीतल्या गुंडाचा सगळा जुना साचा आपोआप गळून पडेल.

तो खबर का देतो, हे मात्र एका कारणावर सोडू नका. पैसा, स्वतःवरची केस, दुसऱ्या टोळीचा काटा काढणं, भावाचं व्यसन, ही कारणं ठरलेली आहेत आणि खरीही आहेत. पण माणूस पोलिसाला एक कारण सांगतो, बायकोला दुसरं आणि स्वतःला तिसरं. सुडापोटी खोटी टीप देणाऱ्यालाही हा कायदा सोडत नाही: जाणूनबुजून, द्वेषानं खोटी माहिती देऊन अटक किंवा झडती घडवली तर कलम 58 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हवालदारालाही प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की हा आज आपल्याला वापरतोय का.

हवालदार आणि खबऱ्याचं नातं हा या प्रकारातला सगळ्यात जुना संकेत, आणि तो ठेवाच. फक्त मराठीत तो लिहायला आपल्याकडे एक हत्यार आहे, ते वापरा: तू आणि तुम्ही. हवालदार त्याला 'काय रे, जेवलास का' म्हणतो, तो त्यांना 'साहेब' म्हणतो. वर्षानुवर्षं असंच. ज्या दिवशी हवालदार चहा मागवून 'बसा' म्हणेल त्या दिवशी वाचकाला कळलं पाहिजे की आता याला काहीतरी भयंकर मागितलं जाणार आहे. टोळीतही तेच. जो दादा दारातून 'ये रे बाळा' म्हणायचा, तो एकदा म्हणतो, "या. बसा. पाणी घ्या." पिस्तूल दाखवायची गरज नाही.

परीक्षेचा प्रसंगही ठरलेला असतो: संशय आला की खबऱ्याकडून एखादा गुन्हा करवून घेतात. मला त्याच्यापेक्षा जास्त हलवणारा वाटतो तो चुकीच्या माणसावर आलेला संशय. माझ्या त्या आरोपीनं पेरांवर माणसं मोजली, तीन किंवा चार असतील. त्याचा हिशोब चुकला असेल तर? कादंबरीत तो चुकवा. ज्यानं काही केलं नाही, ज्याचं लग्न दोन महिन्यांवर आहे, असा पोरगा उचलला जातो. खऱ्या खबऱ्यासमोर. तोंड उघडलं तर आपण मरतो, गप्प राहिलं तर तो मरतो. त्या एका रात्रीला तुम्ही चाळीस पानं दिलीत तरी वाचक तक्रार करणार नाही.

आणि मरणाबद्दल. खबऱ्या शेवटी मरतो हा संकेत पुण्याला नवा नाही. 22 जून 1897 ला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं, आणि दामोदर चापेकरांची खबर द्रविड बंधूंनी दिली. फेब्रुवारी 1899 मध्ये एका रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे वेष बदलून द्रविडांच्या घरी गेले, पोलीस साहेबांनी बोलावलंय असं सांगून दोघा भावांना बाहेर काढलं, आणि सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधराजवळ गोळ्या घातल्या. (देवळाचं नाव त्याहून जुन्या रक्तपातावरून पडलंय, तिथे गेलात तर गैरसमज नको.) ज्या साहेबाच्या भरवशावर खबर दिली, त्याच साहेबाच्या नावानं हाक आली आणि ते निःशंक बाहेर पडले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा तपशील कुणालाही सुचला नसता इतका अचूक आहे.

ही गोष्ट आपण लहानपणापासून चापेकरांच्या बाजूनं ऐकली, आणि ती तशीच ऐकायला हवी. पण त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात खबर देणाऱ्याची जागा आधीच ठरलेली असते. बहिर्जी नाईकांसाठी आपल्याकडे 'हेर' हा मानाचा शब्द आहे; दुसऱ्या बाजूला फितूर, घरभेदी, चहाडखोर. कुरकुंभच्या त्या ऑपरेटरला या दोन्हींत बसवता येत नाही. त्याच्यासाठी वाचकाच्या मनात जागा तुम्हाला पहिल्या पन्नास पानांत करावी लागेल. तो चांगला माणूस आहे असं सांगून ती होणार नाही. त्याला काय काय गमवावं लागणार आहे ते आधी दाखवा: बहिणीच्या घरचा रविवार, पाळीतला दोस्त, दौंड स्टेशनवरचा ठरलेला चहा.

तेव्हा मारायचं की नाही? मी असते तर नसतं मारलं. निकाल लागतो, शिक्षा होते, निकालपत्रात त्याच्यासाठी अर्धं वाक्य येतं, "गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून". तो ते कुणालाच दाखवू शकत नाही. पण तुमचा नायक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मारायचाच असेल तर बंदुकीनं शोधून मारू नका. त्याला विश्वासाच्या आवाजात हाक येऊ द्या.

लिहायला बसण्याआधी एक काम करा. शिवाजीनगर कोर्टात एनडीपीएसचे खटले खुल्या न्यायालयात चालतात, कुणीही जाऊन बसू शकतं. फोन बंद ठेवा, वही काढू नका. तपास अधिकाऱ्याचा उलटतपास चालू असताना बचावाचा वकील "बातमी किती वाजता मिळाली?" असं विचारेल. त्या क्षणी साक्षीदाराकडे बघू नका. मागच्या बाकांवर कोण बसलंय आणि कोण पेरांवर मोजतंय, ते बघा.